मध्यम लहरीवरचे पुणे

1956 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या रेडिओ केंद्रावर दोन मालिका एकाच वेळी चालू होत्या. पहिलीचे नाव सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांच्या चाली असलेले ‘गीतरामायण’ तेव्हा शेवटच्या टप्प्यात आले होते. दुसऱ्या मालिकेचे नाव आज कुणाच्या ओठांवर नाही. ती आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास लागे. शेती, आरोग्य, साक्षरता असे तिचे विषय असत. मुंबई राज्याच्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ती ऐकायला माणसे ठरवून एकत्र बसत. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि बोलणे सुरू होई. काय पटले, काय पटले नाही, गावात काय करायचे ठरले आणि कोणती शंका उरली, हे कुणीतरी कागदावर उतरवून पुण्याला पाठवी. केंद्र त्या कागदांतल्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमात उत्तर देई.

पुणे केंद्राची कहाणी सांगणारे बहुतेक जण पहिल्या मालिकेपाशी रेंगाळतात. ते समजण्यासारखे आहे, मीही रेंगाळणार आहे. पण या केंद्राने केलेले सर्वांत मोठे काम मला दुसऱ्या मालिकेत दिसते. दोन्ही मालिका एकाच इमारतीतून, एकाच प्रक्षेपकावरून आणि त्याच महिन्यांत निघाल्या. एकीने श्रोत्यांना ऐकवले, दुसरीने श्रोत्यांना बोलते केले. केंद्राच्या अंगी ही दोन्ही बळे होती आणि त्यांपैकी एकच आपण जपले.

पुण्याचा रेडिओशी संबंध केंद्र निघण्याच्या बराच आधीचा आहे. ऑगस्ट 1921 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल आणि तार खात्याच्या मदतीने आपल्या मुंबईच्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रक्षेपित केला. तशी इच्छा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची होती आणि त्यांनी तो ऐकला पुण्यात. मुंबईचे नियमित केंद्र सुरू होण्याच्या सहा वर्षे आधी घाट ओलांडून आलेले गाणे या गावात ऐकले गेले होते. पुढे 1927 मध्ये इंग्लंडशी बिनतारी संदेशांची देवाणघेवाण सुरू झाली, तेव्हा संदेश पाठवणारे केंद्र खडकी-दापोडीच्या बाजूला आणि झेलणारे दौंडला होते. पुण्याच्या आसपासच्या माळांना उंच मनोरे नवे नव्हते.

नियमित प्रसारण मात्र मुंबईचे. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा होता आणि रेडिओ बाळगायचा तर वर्षाला दहा रुपये परवाना भरावा लागे. परवान्यांच्या पैशांवर कंपनी तगली नाही. 1 मार्च 1930 पासून ती गुंडाळली गेली आणि 1 एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. 8 जून 1936 ला या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. प्रसारण सुरू होण्याआधी वाजणारी ती ओळखीची धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. नाझींच्या छायेतून निसटून 1934 साली मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार. त्याचे नाव इथे घेतले, कारण तशाच वाटेने आलेला दुसरा एक माणूस या प्रकरणात पुढे भेटणार आहे.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. मराठीला त्यांतले एक मुंबईच, आणि तिथे गुजराती आणि इतर भाषांशी वेळ वाटून घ्यावा लागे. 1948 च्या जुलैत नागपूर सुरू झाले. मग 2 ऑक्टोबर 1953 ला, गांधीजयंतीच्या दिवशी, पुणे. नागपुरात मराठीच्या जोडीला हिंदीही होती. पुण्याचा परिसर जवळजवळ सगळा मराठी. देशावरच्या माणसाला दिवसभर आपल्याच भाषेत बोलणारे केंद्र मिळाले ते तेव्हा.

केंद्र सुरू झाले म्हणजे नेमके काय झाले, हे समजायला थोडे तंत्र पाहू. पुण्याचे स्टुडिओ शिवाजीनगरला आहेत आणि प्रक्षेपक हडपसरला. सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना हडपसरचा ‘आकाशवाणी’ हा बसथांबा माहीत असतो. तो स्टुडिओचा नव्हे, मनोऱ्याचा पत्ता आहे. दोन्ही एका जागी नाहीत याला कारण आहे. गाणारे, बोलणारे, वादक, नट शहरात राहतात, म्हणून स्टुडिओ शहरात हवा. मध्यम लहरीच्या मनोऱ्याला मात्र मोकळी आणि विस्तीर्ण जमीन लागते. पुणे केंद्र 792 किलोहर्ट्झवर लागते, म्हणजे त्याची लहर सेकंदाला 7 लाख 92 हजार वेळा वरखाली होते आणि एका लहरीची लांबी सुमारे 379 मीटर भरते. असली लहर नीट फेकायची तर मनोरा तिच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे 95 मीटरांच्या आसपास असलेला बरा. मध्यम लहरीच्या केंद्रांवर बहुधा मनोऱ्यावर वेगळा एरियल टांगलेला नसतो, अख्खा मनोराच एरियल असतो. पायथ्याशी तो विद्युतरोधकावर उभा असतो आणि त्याच्याभोवती जमिनीखाली चहूबाजूंना तांब्याच्या तारा पुरलेल्या असतात. मनोऱ्याइतकेच काम त्याच्या पायाखालची जमीन करते.

मध्यम लहरीच्या प्रसारणाला एएम म्हणतात. या दोन अक्षरांचा अर्थ इतकाच की, आवाजाच्या चढउतारांप्रमाणे लहरीचा जोर कमीजास्त केला जातो, तिची वरखाली होण्याची गती मात्र तीच राहते. हे तंत्र सोपे आणि तेच त्याचे मोठेपण. जोरातला फरक ओळखून त्यातून आवाज वेगळा काढणारा संच अगदी साधा असू शकतो. केंद्र जवळ असेल तर एक तार, एक गुंडाळी, एक स्फटिक आणि कानाला लावायचा फोन एवढ्यावर वीज नसतानाही स्टेशन लागते. विजेचे खांब न पोचलेल्या देशात रेडिओ आधी पोचला, त्यात या साधेपणाचा वाटा मोठा होता.

दिवसा मध्यम लहर जमिनीला धरून चालते. ओलसर, काळ्या जमिनीवरून ती दूर जाते, कोरड्या खडकावर लवकर थकते. म्हणून अशा केंद्राचा पल्ला नकाशावर कंपासने काढलेल्या वर्तुळासारखा कधीच नसतो. नदीखोऱ्यांच्या बाजूने तो लांबतो, डोंगररांगांच्या बाजूला आखडतो. सूर्य मावळला की खेळ बदलतो. दिवसभर या लहरी शोषून घेणारा वातावरणाचा वरचा एक थर अंधारात विरून जातो, त्यावरच्या थरावर आपटून लहरी शेकडो किलोमीटर दूर उतरतात. मग रात्री त्याच काट्यावर दूरची, अनोळखी भाषेतली स्टेशने डोकावू लागतात, आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. वळवाच्या दिवसांत कुठेतरी कडाडलेली वीज प्रत्येक संचात खरखर करून जाते. ज्यांनी एकदा तरी अंधारात काटा फिरवून स्टेशन पकडले आहे त्यांना हे सांगायला नको.

याच तंत्राने केंद्राच्या आवाजाचा बाजही ठरवला. मध्यम लहरीवर दोन स्टेशनांमध्ये जागा थोडी ठेवलेली असते, आपल्याकडे 1978 पासून ती 9 किलोहर्ट्झ आहे. त्यामुळे आवाजातले फार वरचे सूर तिच्यात मावत नाहीत. झांजांची किणकिण बोथट होते, ‘स’ आणि ‘श’ एकमेकांत मिसळू पाहतात. मधल्या पट्टीतला माणसाचा गळा मात्र भरदार येतो. म्हणून रेडिओवर बोलणाऱ्याला शब्द सावकाश आणि सुटे उच्चारावे लागत आणि गाणाऱ्याला शब्द पुढे, वाद्ये मागे ठेवावी लागत. मराठी भावगीताची शब्दप्रधान गायकी आणि मध्यम लहर यांचे इतके जमले, यात या अरुंद पट्टीचा हात होता असे मला ठामपणे वाटते.

आता ‘गीतरामायणा’कडे येतो. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. त्यांच्या धोरणामुळे ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’चे दिवस सुरू झाले. केसकरांवर त्याबद्दल पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती, कारण माणसांनी काय ऐकावे हे मंत्रालयातून ठरवता येत नाही. पण त्या धोरणातून एक चांगले घडले. चित्रपटगीतांनी रिकामी केलेली जागा भरायला केंद्रांना स्वतःची गाणी तयार करावी लागली. कवी, संगीतकार, गायक आणि वादक यांना रेडिओसाठी खास नवे करण्याचे काम मिळाले. सुगम संगीत हा विभाग त्यातून बाळसे धरू लागला.

पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते. वर्षभर चालेल, मन रमवील आणि काही संस्कारही करील अशी मालिका त्यांना हवी होती, आणि ती त्यांनी मागितली आपल्या मित्राकडे, माडगूळकरांकडे. चित्रपटात मुरलेला कवी आणि चित्रपटात मुरलेला संगीतकार, दोघेही ज्या वाटेने नाव कमावून आले होते तीच वाट रेडिओला तेव्हा बंद होती. शुक्रवार, 1 एप्रिल 1955, रामनवमी. सकाळी पावणेनऊला पहिले गीत लागले. दर आठवड्याला एक नवे गीत, शुक्रवारी पहिल्यांदा आणि शनिवार-रविवारी पुन्हा. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना खोलीत बसवून ते नव्याने लिहून घेतले, ही आठवण पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वर्षाच्या हिशेबाने 52 गीते पुरली असती. त्या वर्षी अधिक मास आला आणि संख्या 56 झाली. 19 एप्रिल 1956 च्या रामनवमीला मालिका पूर्ण झाली.

दर आठवड्याला नवे लिहायचे, चाल लावायची, गायक ठरवायचे, तालीम घ्यायची आणि वेळेवर ऐकवायचे. वर्षभरात एकही आठवडा चुकवायची सोय नाही. अशी शिस्त मासिकाला असते, वर्तमानपत्राला असते, पण काव्य आणि संगीताला ती क्वचितच लावली गेली आहे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, लता मंगेशकर असे गळे या मालिकेला लाभले. पुढे फडक्यांनी एकट्याने गायलेले ‘गीतरामायण’ घरोघरी गेले, त्यामुळे मूळच्या मालिकेत निरनिराळ्या पात्रांना निरनिराळे आवाज होते हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. मूळ कल्पना नभोनाट्याच्या जवळची होती. न दिसणारी माणसे केवळ आवाजावरून ओळखू यावीत, ही रेडिओची गरज तिच्या मुळाशी होती. शब्द इतके स्वच्छ की खरखर झाली तरी अर्थ हरवत नाही. नव्या गीताचे शब्द वर्तमानपत्रे छापू लागली. गीत लागायच्या वेळेला घरोघरी संचासमोर उदबत्ती लावली जाई, असे त्या काळातले लोक सांगत.

त्याच 1955 मध्ये माडगूळकरांचे धाकटे बंधू व्यंकटेश पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रम विभागात रुजू झाले. ‘बनगरवाडी’ त्याच वर्षी पुस्तकरूपाने आली. पु. ल. देशपांडेही याच सुमारास या केंद्रात होते. व्यंकटेश माडगूळकर तिथे तीस वर्षे, 1985 पर्यंत, राहिले. माणदेशच्या माणसांची बोली कानात साठवलेला लेखक शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमांत असणे याचा अर्थ मोठा आहे. सरकारी सल्ला बहुधा सरकारी मराठीत येतो आणि ऐकणारा तिसऱ्या वाक्याला उठून जातो. गावातला माणूस गावातल्या माणसाशी जसे बोलतो तसे रेडिओवर बोलता आले पाहिजे, हे पुण्याच्या ग्रामीण विभागाला कळत होते. थोरला भाऊ ज्या केंद्रासाठी रामकथा लिहीत होता, त्याच केंद्रात धाकटा पीकपाण्याच्या गप्पांना रूप देत होता.

आणि आता ती दुसरी मालिका.

तिचे मूळ कॅनडात होते. तिथे 1941 पासून शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे चालत. आठवड्याच्या विषयावर छापील टिपण आधी घरी येई, मग शेजारीपाजारी जमून कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि मते कळवत. ‘वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा’ असा त्यांचा मंत्र होता. युनेस्कोला हा प्रयोग शेतीप्रधान आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात करून पाहायचा होता. ऑल इंडिया रेडिओचे महासंचालक जगदीशचंद्र माथूर यांनी तो उचलला आणि जागा ठरली पुणे. भारतातल्या मंत्रातून पहिला शब्द गळाला. मंडळात बसणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना वाचता येत नव्हते. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ एवढेच उरले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण अक्षरओळख नसलेल्या माणसालाही विचार करता येतो, मत देता येते आणि गावाच्या निर्णयात भाग घेता येतो, हे त्यात गृहीत धरलेले होते.

प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचे मंडळ. त्याचा एक अध्यक्ष, एक चिटणीस. चिटणीसाला आधी प्रशिक्षण, कारण सगळा भार त्याच्यावर: माणसे जमवणे, संच चालू ठेवणे, बोलणे भरकटू न देणे, गप्प बसणाऱ्याला बोलते करणे, शेवटी अहवाल लिहून टपालात टाकणे. अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम झाले. ज्या गावात वीज नाही तिथे संच बॅटरीवर चाले, आणि बॅटरी उतरली की सगळे थांबे. अशा प्रयोगांचे यश स्टुडिओत ठरते तितकेच ते बॅटरी बदलायला कोण, केव्हा जातो यावरही ठरते.

प्रयोगाचे मोजमाप करण्याचे काम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होते आणि त्याची धुरा होती पॉल नॉयरात यांच्याकडे. मघाशी कॉफमन यांच्या जोडीने ज्यांचा उल्लेख केला ते हेच. नॉयरात व्हिएन्नाचे. चित्रांतून आकडेवारी समजावण्याची पद्धत घडवणारे तत्त्वज्ञ ओटो नॉयरात हे त्यांचे वडील. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर तरुण पॉल डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत कैदी होता. सुटून अमेरिकेला गेल्यावर त्याने छावणीतल्या समाजजीवनावरच प्रबंध लिहिला. एकाच कर्ण्यातून सुटणारा हुकूम आणि तो निमूट ऐकणारी माणसे त्याने आतून पाहिली होती. तोच माणूस मराठी खेड्यांत येऊन रेडिओ ऐकून वाद घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या नोंदी घेत होता. या दोन अनुभवांची सांगड त्याने स्वतः कशी घातली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

नॉयरात यांनी गावांचे तीन गट केले. एका गटात रेडिओ आणि मंडळ दोन्ही, दुसऱ्यात रेडिओ पण मंडळ नाही, तिसऱ्यात रेडिओच नाही. मालिकेच्या आधी आणि नंतर तिन्हीकडे त्याच विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती थोडीच वाढली. म्हणजे ऐकलेले डोक्यात राहायला त्यावर चारचौघांत बोलावे लागते. हा निष्कर्ष आज साधा वाटेल, पण तो तेव्हा काळजीपूर्वक, तुलना करून सिद्ध केला गेला, आणि तोही मराठी खेड्यांत.

त्याहून मोलाची गोष्ट कुणी मोजायला काढली नव्हती. ती आपणहून दिसली. अनेक गावांत ही मंडळे निर्णय घेऊ लागली. कार्यक्रम ऐकून झाल्यावर ‘मग आपण काय करायचे’ हा प्रश्न उभा राही आणि उत्तर तिथेच ठरे. निवडून आलेल्या ग्रामपंचायतीपेक्षा ही मंडळे गावाची कामे लवकर मार्गी लावू शकतात, त्यांची भूमिका पंचायत आणि गावसभा यांच्या मधली होऊ लागली आहे, असे नॉयरात यांनी नोंदवले. माथूर आणि नॉयरात यांचा अहवाल युनेस्कोने 1959 मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध केला. जगभरच्या संवादशास्त्राच्या पुस्तकांत पुण्याचे नाव त्यामुळे गेले. 1964-65 मध्ये आफ्रिकेतल्या घानात तसाच प्रयोग झाला. आपल्याकडे मराठी मुलाला शाळेत ‘गीतरामायण’ कळते, हा पुण्याचा प्रयोग कळत नाही.

1959 मध्ये ही मंडळे देशभर काढायचे ठरले. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या बारा हजारांच्या घरात गेल्याचे सरकारी आकडे सांगतात. पण पुण्यात जमले ते देशभर जमले नाही. पुण्याच्या प्रयोगात चिटणीस शिकवून तयार केलेले होते, गावोगाव फिरणारे संघटक होते, आणि पाठवलेल्या प्रश्नाचे उत्तर येत्या काही दिवसांत रेडिओवर ऐकू येई. आपले नाव, आपल्या गावाचे नाव आणि आपला प्रश्न हवेतून परत येतो, याचा आनंद आणि धाक दोन्ही होता. विस्तार झाला तेव्हा आकडा वाढला आणि माणसे तुटपुंजी पडली. उत्तरे उशिरा येऊ लागली, मग प्रश्न येईनात.

दुसरे कारण ट्रान्झिस्टर. मोठा व्हॉल्व्हचा संच गावात एखादाच, म्हणून चावडीवर किंवा देवळात जमावे लागे. साठच्या दशकात खिशाला परवडणारे, पेशींवर चालणारे संच आले आणि रेडिओ खांद्यावर बसून शेतावर गेला. प्रत्येकाला हवे ते, हवे तिथे ऐकता येऊ लागले. हे चांगलेच झाले. घरातल्या बाईला, रानातल्या मजुराला पहिल्यांदा स्वतःचा रेडिओ मिळाला, आणि चावडीवर ज्यांना बसायची सोय नव्हती त्यांच्यापर्यंत आवाज गेला. पण एकत्र ऐकण्याची गरज संपताच ऐकून एकत्र बोलणेही संपले. ते टिकवायचे तर मुद्दाम टिकवावे लागले असते.

यानंतरचा प्रवास भराभर सांगता येतो. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती निघाली आणि केसकरांच्या काळातच चित्रपटगीते सन्मानाने परतली. साठच्या दशकात सांगली आणि परभणीला केंद्रे झाली, पुण्यावरचा सगळ्या मुलखाचा भार थोडा हलका झाला. 1 नोव्हेंबर 1967 पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या मराठी मुलखातल्या तीन शहरांतच. सकाळच्या प्रादेशिक बातम्यांनी पुणे केंद्राला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्यांवर घरोघरी घड्याळे लावली जात. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना दरवर्षी नवा करण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. तोवर दूरचित्रवाणी आली होती.

जून 2023 मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा आदेश निघाला. पुण्यातून जोरदार विरोध झाला, आणि आदेश थांबवण्यात आला. बातम्या ऐकणारे आहेत, त्यांना त्या आपल्या गावाहून हव्या आहेत आणि त्यासाठी ते आवाज उठवतात, हे त्या काही दिवसांत स्पष्ट झाले. केंद्राशी उलट बोलण्याची सवय पुरती मेलेली नव्हती.

मध्यम लहरीपुढचा आजचा प्रश्न वेगळा आहे. देशभर एकेक करून मध्यम लहरीचे प्रक्षेपक बंद केले जात आहेत. कारणे खरी आहेत. 100 किलोवॅटचा प्रक्षेपक वीज खातो, जुन्या यंत्रांचे सुटे भाग मिळत नाहीत, मनोऱ्याखालची जमीन आता शहराच्या आत आली आहे. मोबाइलमध्ये एफएम असते, मध्यम लहर नसते. घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर मिळून तिच्यात एवढा गोंगाट मिसळतात की स्टेशन लागले तरी ऐकवत नाही. एफएमचा आवाज निर्मळ असतो यात शंका नाही.

पण एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. साधारण 50-60 किलोमीटरवर, मध्ये डोंगर आला तर त्याआधीच, ती थांबते. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या मावळात, वेल्ह्यात, जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात खोऱ्यागणिक डोंगर आडवा येतो. तिथे मध्यम लहर जमिनीला धरून पोचते. ॲपवर केंद्र ऐकता येते हे खरे, पण त्याला मोबाइलची रेंज लागते आणि डेटाचे पैसे लागतात. नेमकी पूर येतो, दरड कोसळते, वीज जाते आणि मोबाइलचे टॉवर बंद पडतात त्या दिवशी ती रेंज नसते. त्या दिवशी एक मनोरा आणि दोन पेशींचा संच पुरतो. म्हणून मध्यम लहर बंद करायचीच असेल, तर आधी प्रत्येक खोऱ्यात एफएमचा छोटा प्रक्षेपक उभा करून तो तिथे ऐकू येतो याची खातरजमा व्हायला हवी, आणि ती खातरजमा त्या खोऱ्यांत राहणाऱ्या लोकांना विचारून करायला हवी. कसे विचारायचे, लेखी उत्तरे कशी मागवायची आणि आलेल्या प्रश्नाला आठवड्याच्या आत हवेतून उत्तर कसे द्यायचे, याचा तपशीलवार आराखडा 1959 सालच्या त्या अहवालात आहे. तो युनेस्कोच्या ग्रंथालयात कुणालाही वाचता येतो.